बत्तीस शिराळ्याचा नाग आणि आमच्या घरातली धामण



श्रावण शुद्ध पंचमीला नागपंचमी आणि लगेच दोन दिवसांनी सप्तमीला भगवान पार्श्वनाथांची मोक्षसप्तमी. एका घरात पाटावर नाग काढायचा, दुसऱ्या घरात निर्वाण लाडू करायचा. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत हे दोन्ही दिवस शेजारीशेजारी येतात, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असा विचार मी कितीतरी वर्षं केला नव्हता. या वेळी त्याविषयी लिहायचं ठरवलं आहे. निमित्त आहे बत्तीस शिराळ्याचं. लेख थोडा मोठा होईल, पण दुपारची कामं उरकून निवांत वाचा.

सांगली जिल्ह्यात मोरणा नदीच्या काठावर शिराळा हे तालुक्याचं गाव आहे. आजूबाजूच्या बत्तीस गावांवरून त्याला बत्तीस शिराळा म्हणतात. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे. गोरक्षनाथांचं ठाणंही इथे आहे, त्यामुळे नाथपंथी मंडळींना हे गाव जुन्या काळापासून माहीत. पण सगळ्या महाराष्ट्रात, आणि देशाबाहेरसुद्धा, शिराळा ओळखलं गेलं ते जिवंत नागांच्या पूजेसाठी.

त्यामागची कथा गावात लहान पोरही सांगतं. गोरक्षनाथ भिक्षा मागत महाजनांच्या दारी आले. दिवस नागपंचमीचा. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, त्यामुळे भिक्षा वाढायला उशीर झाला. उशिराचं कारण कळल्यावर नाथांनी विचारलं, "मातीच्या नागाला पूजतेस, जिवंत नागाला पूजशील का?" ती हो म्हणाली. नाथांनी मातीचा नाग जिवंत केला आणि तिने न घाबरता त्याची पूजा केली. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पूजायची चाल पडली, असं मानतात.

मी ही पंचमी पहिल्यांदा पाहिली १९७३ साली. पाचवीत होते. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. आप्पांचं किराणा दुकान होतं आणि शिराळ्याकडचं एक शेतकरी कुटुंब आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी आग्रहाने बोलावलं होतं. आजीला ते अजिबात पसंत नव्हतं. "पंचेंद्रिय जीवाला मडक्यात डांबून ठेवायचं आणि वर हळदकुंकू लावायचं, ही कसली पूजा?" असं ती म्हणाली. आप्पा हसले आणि मला घेऊन निघाले. आजीने गाळलेल्या पाण्याचा तांब्या बरोबर दिला आणि सूर्य मावळायच्या आत परत या म्हणून बजावलं.

त्या घराच्या सोप्यात आढ्याला मडकी टांगलेली होती. तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. मला वाटलं दही लावलंय! पंचमीच्या आधी काही दिवस गावातली माणसं गट करून शिवारात फिरत, बांधावरची बिळं आणि ठसे ओळखून नाग काढत आणि पंचमीपर्यंत असे मडक्यांत ठेवत. पंचमीला मडकी अंबामातेच्या देवळात न्यायची, बायकांनी नागाला हळदकुंकू वाहायचं, लाह्या-दूध दाखवायचं. मग सजवलेल्या बैलगाड्यांतून मिरवणूक. गाडीवर उभा असलेला माणूस नागापुढे मडकं हलवायचा आणि नाग त्या मडक्याच्या हालचालीबरोबर फणा डोलवायचा. कोणाचा नाग सर्वांत लांब, कोणाचा फणा जमिनीपासून सर्वांत उंच, याच्या चढाओढी लागत. जिंकलेल्या मंडळाचा गुलाल उधळला की गल्ली लाल व्हायची. पंचमी झाली की नाग जिथून आणला तिथे नेऊन सोडायचा, हा नियम.

खरं सांगते, मला ते फार आवडलं. भीती वाटलीच नाही. माझ्याच वयाची एक मुलगी नागापासून दोन हातांवर बसून लाह्या खात होती. मी घरी येऊन आजीला हे सगळं रंगवून सांगितलं. आजी रागावली नाही. तिने मला जवळ बसवलं आणि पार्श्वकुमाराची गोष्ट सांगितली.

तुम्हा बहुतेकींना ती माहीत असेल, पण इथे थोडक्यात सांगायला हवी. वाराणसीचा राजकुमार पार्श्व. पंचाग्नी पेटवून तप करणाऱ्या तापसापाशी तो गेला. जळत्या लाकडात नाग-नागिणीची जोडी आहे हे त्याने ओळखलं. लाकूड फोडलं तेव्हा अर्धवट जळालेली जोडी बाहेर आली. पार्श्वकुमाराने त्यांना णमोकार ऐकवला. ती दोघं पुढे धरणेंद्र आणि पद्मावती झाली. पुढे मुनी झालेल्या पार्श्वनाथांवर त्याच पूर्ववैऱ्याने पाऊस आणि दगडांचा उपसर्ग केला, तेव्हा धरणेंद्राने त्यांच्यावर फणा धरली. उत्तर प्रदेशातलं अहिच्छत्र हे त्या प्रसंगाचं क्षेत्र मानतात. नावातच सगळं आलं: अहि म्हणजे साप आणि छत्र. आपण देवळात पार्श्वनाथांची मूर्ती ओळखतो ती डोक्यावरच्या सात फणांवरून. शिराळ्यापासून फार लांब नाही, आपल्याच जिल्ह्यात पलूस तालुक्यात कुंडलला जाऊन पाहा. तिथे झरी पार्श्वनाथ आहेत. डोंगरातल्या गुहेत मूर्तीवर पाणी झिरपत असतं. ते पाणी पाहिलं की मला दर वेळी तो उपसर्ग आठवतो.

नागाला मान देण्यात आपला भाग तसा जुनाच. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेर नागराजा आणि त्याची राणी दगडात बसलेली आहेत. पिंपळाखाली नागशिळा नाही असं गाव आपल्याकडे सापडायला कठीण. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायांशी वारूळ कोरलं आहे आणि त्यातून नाग डोकावतात. त्यांच्या शेजारी ध्यानस्थ उभं राहता येतं, त्यांना पकडावं लागत नाही, हे शिल्पकाराने हजार वर्षांपूर्वी दाखवून ठेवलं.

आणि एक गोष्ट मला अलीकडे वाचनात सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोल्हापूर, मिरज, कराड या भागावर बाराव्या शतकात शिलाहारांचं राज्य होतं. गंडरादित्य, दुसरा भोज ही नावं आपण ऐकलेली आहेत. पन्हाळा दुसऱ्या भोजाचा. या राजांच्या काळात जैन बसदींना जमिनी आणि दानं मिळाली, कोल्हापूरची रूपनारायण बसदी त्याच काळातली. हे शिलाहार आपल्या कुळाचा मूळपुरुष कोण सांगत? विद्याधर जीमूतवाहन. गरुडाला रोज एक नाग खायला द्यावा लागत असे. एका आईच्या एकुलत्या एक नागपुत्राची पाळी आली, तेव्हा त्याच्या जागी जीमूतवाहन स्वतः शिळेवर जाऊन बसला. शिळेवरचा आहार, म्हणून शिलाहार. हर्षाचं नागानंद नाटक याच कथेवर आहे. म्हणजे या मातीवर राज्य करणारे लोक नागासाठी जीव द्यायला निघालेल्याचे वंशज म्हणवून घेण्यात अभिमान मानत होते. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते. का, ते आता सांगते.

लग्न होऊन मी सांगलीला आले. १९८८ चा पावसाळा. मुलं लहान. दुपारी कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यामागे लांबलचक साप दिसला. मी किंचाळले. सासूबाईंनी मुलांना उचलून बाहेर नेलं आणि शेजारच्या वखारीतल्या गड्याला हाक मारली. तो काठी घेऊन आला. दहा मिनिटांत सगळं संपलं. बाहेर अंगणात टाकल्यावर तो म्हणाला, "धामण हाय वैनी. इखारी न्हाई. उंदराच्या मागं आली असंल."

मामंजींनी त्याला वीस रुपये दिले. त्या संध्याकाळी कोणी नीट जेवलं नाही. सगळ्यांनी प्रतिक्रमण केलं. सासूबाई मला समजावत म्हणाल्या, "आपण कुठे मारला? त्याने मारला." मी बी.कॉम. झालेली, म्हणून घरखर्चाची वही माझ्याकडे असायची. रात्री मी लिहिलं: गड्यास, रु. २०. पुढे "कशाबद्दल" असा रकाना होता. तो मी मोकळा ठेवला. तीस वर्षांत त्या वहीत एवढा एकच रकाना मोकळा राहिला असेल.

लहानपणापासून पाठशाळेत शिकलेलं होतं: कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि करणाऱ्याला होकार दिलेला, हिंसा तिन्हींत सारखीच. हे पाठ म्हणताना कधी अडखळले नव्हते. वही लिहिताना अडखळले.

त्यानंतर शिराळ्याविषयी कोणी वाईट बोललं की मी गप्प बसायची. आणि वाईट बोललं जाऊ लागलं होतं, त्याला कारणंही होती. यात्रा मोठी होत गेली. बैलगाड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले, ट्रॅक्टरवर भिंतीएवढे ध्वनिक्षेपक आले. लाखांनी माणसं येऊ लागली, बाहेरच्या देशांतून कॅमेरे आले. नाग मात्र तेवढाच राहिला. वन्यजीव अभ्यासक सांगत होते की साप दूध पचवणारा प्राणी नाही, उपाशी-तहानलेला असतो म्हणून समोरचं पितो. त्याला आपल्यासारखे बाहेरचे कान नाहीत, जमिनीचा हादरा त्याला अंगाने कळतो, त्यामुळे तो मडक्यापुढे "नाचतो" ते नाचणं नसतं. समोर हलणाऱ्या वस्तूपासून स्वतःला वाचवायला तो फणा काढून तिच्यावर नजर ठेवतो. १९७३ मध्ये मी ज्याला डोलणं समजले, ती त्याची भीती होती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे, पकडणंही शिकारच. कायदा होता, पण शिराळ्यात त्याचा काच बरीच वर्षं जाणवला नाही. नंतर तक्रारी झाल्या, प्रकरण न्यायालयात गेलं, निर्बंध येत गेले. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने कायद्याची अंमलबजावणी कडक करायला लावली. मग जिवंत नागांची मिरवणूक आणि खेळ बंद झाले. गाव दुखावलं. ज्या पंचमीमुळे गावाचं नाव झालं, तीच गेली असं लोकांना वाटलं.

२०१८ मध्ये मी पुन्हा शिराळ्याला गेले. त्या वर्षी १५ ऑगस्ट आणि नागपंचमी एकाच दिवशी आली होती. माझी कॉलेजातली मैत्रीण तिथे दिली आहे. ती बरीच वर्षं बोलावत होती. सांगलीहून आष्टा, इस्लामपूर, पेठ करत शिराळ्यात शिरलो तर सकाळी शाळांची प्रभातफेरी आणि दुपारी पालखी. वनखात्याची आणि पोलिसांची माणसं जागोजागी उभी. देवळात बायकांची रांग होती, पण ताटात नाग मातीचा. कुंभाराने केलेला, अंगावर पांढरे-काळे ठिपके दिलेला. मैत्रिणीने माझ्यासाठी कांदा-लसणाचा हात न लागलेली पुरणाची दिंडं वाफवली होती. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, जमीन नांगरायची नाही, हा नियम त्यांच्या घरातही काटेकोर. मी म्हटलं, अगं हे तर आमच्या चातुर्मासाच्या नियमांसारखंच झालं. त्यामागचं कारणही तेच, बिळातल्या जिवाला धक्का लागू नये.

जेवताना दाजी, म्हणजे तिचे यजमान, बोलायला लागले. तरुणपणी ते नाग पकडणाऱ्यांपैकी.

"ताई, तुमी जैन. तुमास्नी आमचं पटलं नसंल कवा. पन एक इचारतो. आमच्या गावात कुनी नाग मारलेला ऐकलाय का? घरात निघाला तरी आमी हात जोडून बाहेर काढायचो. दुसऱ्या गावात बघा, साप दिसला की काठी."

मी काय बोलणार? माझ्या डोळ्यांपुढे अंगणातली धामण आली. मी त्यांना ती गोष्ट सांगितली. वीस रुपयांसकट. मैत्रीण वाढता वाढता थांबली.

दाजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडून बी झालंच की. समद्यांच्या हातात कसब नव्हतं. चढाओढीत कुनाची मान दाबली जायाची, कुनाच्या तोंडाला लागायचं. सोडल्यावर ते जगलं का मेलं, आमी कवा मागं वळून बघितलं न्हाई."

माझ्या मनात तेव्हापासून हा हिशेब चालू आहे. शिराळ्याच्या लोकांना नागाची भीती नव्हती, म्हणून ते त्याला मारत नव्हते. पण भीती नव्हती म्हणूनच त्याला पकडत होते. आम्ही कधी पकडला नाही, खेळवला नाही, आणि आम्हीच मारला. कोणाची पूजा खरी होती? मला वाटतं, दोघांच्याही पूजेत नागाला काय हवं हे कोणी विचारलं नव्हतं. नागाला शिवारातले उंदीर हवेत, बीळ हवं आणि आपण लांब असायला हवं. भात पिकवणाऱ्या त्या पट्ट्यात उंदीर कोण आवरतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

आणि गंमत पाहा, गोरक्षनाथांच्या कथेची सुरुवातच मातीच्या नागापासून होते. महाजनांच्या घरची ती बाई मातीचा नाग मनोभावे पूजत होती आणि त्यात तिचं काही चुकत होतं असं कथेत कुठेही नाही. कायद्याने शिराळ्याची परंपरा मोडली म्हणण्यापेक्षा ती पहिल्या पानावर परत गेली, असं मी दाजींना म्हणाले. ते हसले. पूर्ण पटलं असं नाही. २०२५ साली केंद्राकडून शैक्षणिक कारणासाठी २१ नागांपुरती परवानगी मिळाली, तेव्हा त्यांचा आनंदाने फोन आला होता. मी त्यांना एवढंच विचारलं की पोरांना नाग धरायला शिकवणार की ओळखायला? "दोनी," म्हणाले. आमचा हा वाद चालूच राहणार.

आता शेवटचं. २०१९ ची नागपंचमी ५ ऑगस्टला होती. त्याच दिवसांत कृष्णेचं पाणी चढत होतं. पुढे आयर्विन पुलाजवळ ते ५७ फुटांवर गेलं, हे सांगलीकर जन्मात विसरणार नाहीत. आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं. पूर ओसरल्यावर चिखल काढताना स्वयंपाकघराच्या ओट्याखाली काहीतरी हललं. पुराबरोबर साप गावभर घरांत शिरले होते. सून किंचाळली, अगदी मी १९८८ मध्ये किंचाळले होते तशीच. चिखल काढायला आलेला माणूस फावडं उचलून उभा राहिला. मी त्याला हाताने थांबवलं आणि दार लावून घेतलं. सर्पमित्र म्हणून काम करणाऱ्या एका मुलाला फोन केला. त्याला यायला दोन तास लागले, त्या दिवशी त्याची ती नववी जागा होती. दोन तास मी दारापाशी खुर्ची टाकून णमोकार म्हणत बसले. घाबरले नव्हते असं नाही, हात कापत होते.

निघाली दिवड. बिनविषारी, पाण्यातली. त्याने पिशवीत घातली आणि पाण्याकडेला नेऊन सोडली. पैसे घेईना. मी पेट्रोलचे म्हणून बळेच दिले.

मैत्रिणींनो, एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबते. घरात साप निघाला तर मुलांना बाहेर न्या, लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्याकडे जास्त धोक्याचे. दंश झालाच तर चिरणं, बांधणं, मांत्रिक काही नको, माणसाला हलू न देता थेट सरकारी दवाखाना गाठा. आणि धान्याची खोली स्वच्छ ठेवा. उंदीर नाही तर साप नाही, एवढा साधा हिशेब आहे.

त्या रात्री घरखर्चाची वही उघडली. जुन्या सवयीने लिहिलं: सर्पमित्रास, रु. १००. कशाबद्दल: दिवड सोडून येणे.

रकाना भरला. मोक्षसप्तमी त्या वर्षी पुरातच गेली होती, निर्वाण लाडू झाला नव्हता. तो मी दुसऱ्या दिवशी केला.

जय जिनेंद्र.